नवाने भागून उरलेला पाऊस

पंचांगात एक पान असं असतं, ज्याची कड बाकीच्या पानांच्या आधी काळी पडते. मुहूर्तांची पानं लग्नसराईपुरती, एकादश्यांची उपासापुरती. पावसाच्या नक्षत्रांचं कोष्टक मात्र मेच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत सारखं उघडलं जातं. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात आमच्या घरी पंचांग सुतळीने खुंटीला टांगलेलं असे. काढून हातात घेतलं की ते आपणहून त्याच पानावर उघडे, तंबाखूच्या बोटांचे डाग दाखवत.

मृगापासून स्वातीपर्यंत अकरा ओळी. नक्षत्राचं नाव, सूर्य त्यात शिरतो ती तारीख आणि वेळ, त्या नक्षत्राचं वाहन, आणि शेवटी पाऊस बरा, मध्यम की ओढीचा ते सांगणारे दोन-चार शब्द. या पानावर विश्वास ठेवणारे आणि त्याची टर उडवणारे, दोघेही ते पुरतं वाचत नाहीत असं माझं मत आहे. एक शेवटचा रकाना पाहून पान मिटतो, दुसरा वाहनापाशी हसून थांबतो. मला ते पान एक रचना म्हणून आवडतं. पाऊस कोण ठरवतं, आभाळाबाहेरचा कुणी की आभाळाची आपली लहर, हा प्रश्न त्या अकरा ओळींत मांडलेला आहे. हवामानाचे अभ्यासक आज त्याला बाह्य कारणं आणि अंतर्गत चढउतार म्हणतात. भांडण तेच आहे.

पहिला रकाना सूर्याचा. ८ जूनच्या आसपास मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू, २० च्या सुमारास पुष्य, आणि असं करत सप्टेंबरअखेर हस्त, ऑक्टोबरच्या शेवटी स्वाती. एकेका नक्षत्राला तेरा-चौदा दिवस. प्रवेशाची वेळ तासमिनिटांत. भाषा अगदी कोरडी, क्रियापदसुद्धा नाही. ते क्रियापद लोकांनी घातलं. जोशीबुवा म्हणतात, सूर्य मृगात प्रवेश करतो. शेतकरी म्हणतो, मिरीग निघाला. प्रवेश करणारा पोचलेला असतो. निघालेला वाटेत असतो. तो कधी पोचेल, वाटेत कुणाकडे थांबेल, याची हमी 'निघाला' देत नाही. त्या एका क्रियापदात सूर्याचं वेळापत्रक आणि पावसाचं आगमन यांच्यातली फट नेमकी पकडलेली आहे. आर्द्रा मात्र 'लागतात', मघा 'बरसतात', हस्त 'पडतो'. कुणाला कोणतं क्रियापद द्यायचं, हे त्या त्या पंधरवड्याच्या पावसाचा स्वभाव पाहून ठरलेलं आहे.

ही फट मोजलीही गेली आहे. केरळात मोसमी पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख १ जून. प्रत्यक्ष तारीख तिच्या मागेपुढे आठवडाभर सहज झुलते. २०२५ साली तो २४ मे रोजीच केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत. म्हणजे सूर्य जेमतेम रोहिणीत पोचत होता आणि पाऊस मृगाची वाट न पाहता येऊन बसला. सूर्याकडून मिळतो तो ऋतू. तारीख त्याच्या हातात नाही.

शाळेत आपल्याला शिकवलं ते असं: उन्हाने जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरची ओली हवा तिची जागा घ्यायला येते, पाऊस पडतो. ऐकायला पटतं. पण नगरच्या माणसाने या धड्यावर वर्गातच हात वर करायला हवा होता. आमची जमीन सगळ्यात जास्त तापते मे महिन्यात, आणि तेव्हा पडतो तो फार तर वळीव. दुष्काळी वर्षात ती जुलै-ऑगस्टमध्येही तापलेली राहते, मग तर पाऊस धावत यायला हवा. तो येत नाही. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्य घालवलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी हा आक्षेप शास्त्रशुद्ध मांडला. त्यांच्या मते मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळच्या ढगांच्या पट्ट्याचं सूर्यामागोमाग उत्तरेला सरकणं. जमीन तापली म्हणून वारा आला, एवढं साधं ते नाही. पट्ट्याला बोलावतो सूर्यच, पण आल्यावर कसं वागायचं ते पट्टा स्वतः ठरवतो.

सूर्याच्या रकान्यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे, आणि ती मला उशिरा उमगली. या तारखा सरकतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा घिरट्या घेतो. एक घिरटी साधारण २६ हजार वर्षांची. त्यामुळे नक्षत्रं ऋतूंच्या मानाने पुढे पुढे जातात, सुमारे ७० वर्षांत एक दिवस. एका आयुष्यात हे कळत नाही. पण ज्ञानेश्वरांनी नेवाशात खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२ मध्ये. त्या वर्षी मृग ऋतूच्या मानाने आजच्यापेक्षा दहा दिवस आधी निघाला असणार. आपल्या काळातल्या मृगाला पेरणी होते, तेव्हाच्या मृगाला कदाचित नांगरट उरकत असेल.

आणखी मागे जाऊ. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची मोठी वस्ती होती. तेव्हा सूर्य मृगाच्या ताऱ्यांपाशी पोचत होता तो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या लोकांनी आकाशातला कोणता तारा पाहून चाड्यावर मूठ धरली, कुणी सांगावं. मृग पाहून खचितच नव्हे. याच दायमाबादला १९७४ साली ब्राँझच्या चार जड मूर्ती सापडल्या: बैल जुंपलेला रथ, गेंडा, हत्ती आणि म्हैस. प्राण्यांखाली चाकं लावायची सोय. पंचांगात भरपूर पावसाची जी तीन वाहनं मानतात त्यांतली दोन, हत्ती आणि म्हैस, अशी चाकांवर उभी पाहून मला हसू आलं होतं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. रसिकाला असले योगायोग आवडतात, इतकंच. ही वस्ती इ. स. पूर्व १००० च्या सुमारास ओस पडली. मधुकर ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी त्याचा संबंध पाऊस घटत जाण्याशी जोडला.

आता गंमत पाहा. पंचांगाच्या तारखा सरकवणारी अक्षाची घिरटी हीच मोसमी पावसाचं लांब पल्ल्याचं बाह्य कारण आहे. आज पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्या थंडीत. नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी ती आपल्या उन्हाळ्यात जवळ असे. उत्तर गोलार्धाला तेव्हा उन्हाळ्यात सात-आठ टक्के जास्त ऊन मिळे, आणि पाऊसही भारी पडे. जॉन कुट्झबाख या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये हे संगणकावर करून दाखवलं. तेव्हापासून हजारो वर्षं तो पाऊस हळूहळू ओसरत आला. पंचांगकर्त्याने सूर्याला पहिला रकाना दिला तो उगाच नाही. त्याचा हिशेब चौदा दिवसांचा होता. सूर्याचा खरा वचक चौदा हजार वर्षांवर आहे.

दुसरा रकाना वाहनांचा. या पानाचा सगळा जीव त्यात आहे. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. सूर्याच्या नक्षत्रापासून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं, उरेल त्या बाकीवरून वाहन. सूर्य वर्षानुवर्षं ठरल्या तारखेला येतो पण दर वेळी वेगळ्या जनावरावर बसून येतो, ही कल्पना ज्याला सुचली तो माणूस फार मोठा होता असं मी मानतो. स्वार तोच, चाल वेगळी. म्हशीवरून आला तर रमतगमत, डबकं दिसेल तिथे बसत, म्हणून पाऊस भरपूर. कोल्ह्यावरून आला तर चाहूल देऊन पसार. उंदरावरून आला तर इथे कुरतड, तिथे कुरतड. एका शिवारात पाऊस आणि बांधापलीकडे फुफाटा. हवामान खात्याच्या निवेदनात 'तुरळक ठिकाणी' असा शब्द येतो तेव्हा मला दर वेळी तो उंदीर दिसतो.

घोड्याचं फळ असं सांगतात की पाऊस डोंगराळ भागात पडेल. आमच्या जिल्ह्यात हे भाकीत कधीच चुकत नाही, वाहन कोणतंही असो. अहिल्यानगर म्हणा की तोंडवळणी पडलेलं नगर म्हणा, या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर आहे, भंडारदरा आहे, आणि घाटघर-रतनवाडीला वर्षात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस ही नेहमीची गोष्ट आहे. तिथून पूर्वेला संगमनेर ओलांडा, पुढे राहुरी, नेवासे, पाथर्डी, दक्षिणेला कर्जत-जामखेड: पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तेही मिळाले तर. एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात, घाटघरचा माणूस भाताच्या खाचरात इरलं घेऊन उभा असतो आणि कर्जतचा माणूस आभाळाकडे पाहत. पाऊस घेऊन येणारी हवा सह्याद्री चढताना पिळून निघते आणि उतरताना कोरडी होते. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात. फार देखणा शब्द आहे. ज्याने केला तो त्या छायेत राहत नसावा.

हा डोंगर कोणत्या खात्यात धरायचा? तो हवेच्या बाहेरचा आहे, पण बदलत नाही. आणि जे बदलत नाही ते सालोसालच्या चढउताराचं कारण होऊ शकत नाही. तरी वाऱ्याची दिशा जराशी वळली तरी डोंगर तिचा परिणाम दहापट करून दाखवतो. मी त्याला कारण न म्हणता रंगमंच म्हणेन. पंचांगाचं कोष्टक घाटघरला आणि कर्जतला सारखंच छापतात, हा त्याचा पहिला मोठा दोष. रंगमंचच विसरला.

दुसरा दोष जास्त गोड आहे. पंचांगकर्त्याला दोन गोष्टी उत्तम कळल्या होत्या: पावसाला एक वेळापत्रक असतं आणि त्यावर एक लहर स्वार असते. वेळापत्रक सूर्याकडे दिलं, बरोबर केलं. लहर मात्र चंद्राकडे दिली. लहरीचाही हिशेब आभाळाबाहेरूनच करायला गेला. पण निवड पाहा! सत्तावीस नक्षत्रं, नवाने भाग. प्रत्येक वाहनाच्या वाट्याला तीन नक्षत्रं, म्हणजे नऊही वाहनांना सारखीच संधी. बहुतेक ठिकाणी ज्यांची फळं भरपूर मानतात ती तीन: बेडूक, म्हैस, हत्ती. मध्यम तीन: मोर, उंदीर, गाढव. ओढीची दोन: कोल्हा, मेंढा. आणि एक घोडा, डोंगरावर जाणारा. चंद्राच्या नावाखाली हा नऊ बाजूंचा फासा आहे, आणि त्याच्या बाजू ज्याने रंगवल्या त्याला कोरडवाहू शेतीतली नशिबाची वाटणी माहीत होती. तीनदा पिकतं, तीनदा भागतं, तीनदा आपल्या रानात पडत नाही. आकडेशास्त्रज्ञाने याहून फार वेगळं काय केलं असतं?

फासा आणि चंद्र यांत फरक एकच. चंद्र १९ वर्षांनी सूर्याच्या मानाने जवळपास त्याच जागी परततो. तेव्हा वाहनांची रांगही बरीचशी परतायला हवी, आणि वाहनांवर पाऊस ठरत असेल तर पाऊसही. १९७२ च्या दुष्काळानंतर १९ वर्षांनी १९९१ आलं, पण बहात्तर पुन्हा आलं नाही.

या हिशेबाला हसायचं असेल तर एकट्या पंचांगाला हसू नका. १८७५ साली सावकारांविरुद्धचे दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पेटले, आणि पुढच्याच वर्षी पाऊस गेला. १८७६-७८ चा तो महादुष्काळ. तेव्हा लंडनमध्ये नॉर्मन लॉकियर हे खगोलशास्त्रज्ञ आणि हिंदुस्थान सरकारचे विल्यम हंटर यांनी १८७७ मध्ये मांडलं की दुष्काळांचं मूळ सूर्यावरच्या डागांत आहे. डाग अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात-घटतात. ते कमी असले की पाऊस कमी. आणि खरोखरच १८७८ मध्ये डागांचा नीचांक होता. नवाऐवजी अकरा, चंद्राऐवजी डाग. मोह तोच: लहरीचं कारण बाहेर, मोजता येण्याजोगं, आधीच छापून ठेवता येण्याजोगं हवं. आज आपल्याला ठाऊक आहे की डागांच्या फेऱ्यात सूर्याचं तेज फार तर हजारात एक भाग हलतं.

त्याच वेळी हेन्री ब्लॅनफर्ड, १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख, वायुभारमापकाचे आकडे गोळा करत होते. दुष्काळाच्या त्या वर्षांत सैबेरियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत हवेचा दाब चढलेला होता असं त्यांना दिसलं. या निरीक्षणाचं पुढे काय करायचं हे त्यांनाही कळलं नसावं. हिमालयातल्या बर्फाकडे ते वळले. जास्त बर्फ पडलं की पुढचा पाऊस कमी, अशा अंदाजावर सरकारी भाकितं सुरू झाली. १८९९ च्या दुष्काळाने त्यांचीही लाज घालवली.

मग आले गिल्बर्ट वॉकर. केंब्रिजचे गणिती, बासरीचे आणि बूमरँगचे शौकीन. हवामानाचं शिक्षण शून्य. १९०४ ते १९२४ हवामान खात्याचे प्रमुख. त्यांची मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांनी डागांची कल्पना टाकून देण्याआधी ती मोजून पाहिली. हिंदी कारकुनांची फळी बसवून जगभरच्या केंद्रांचे आकडे डागांशी ताडून पाहिले. संबंध निघाला तो इतका फिकट की त्यावर शेतसारासुद्धा माफ झाला नसता. मग त्यांनी आकाशाबाहेर पाहणं सोडलं आणि हवेलाच हवेशी ताडायला घेतलं: इथला दाब तिथल्या दाबाशी, इथला पाऊस तिथल्या नदीशी. त्यातून १९२०च्या दशकात एक प्रचंड तराजू सापडला. प्रशांत महासागराच्या पारड्यात दाब चढला की हिंदी महासागराच्या पारड्यात उतरतो, आणि उलट. याला धक्का कोण देतं? कुणीच नाही. तराजू आपल्याआप झुलतो. समुद्राचं पाणी वाऱ्याला वळवतं, वळलेला वारा पाणी ढकलतो, आणि दोघांच्या या देण्याघेण्यात दोन ते सात वर्षांनी पेरूच्या किनाऱ्यापाशी पाणी तापतं. तिथल्या कोळ्यांनी त्याला ठेवलेलं एल निनो हे नाव आता आमच्या पारावरही उच्चारलं जातं, बहुधा शिवीसारखं. ब्लॅनफर्डना दिसलेला तो चढलेला दाब म्हणजे एका जबर एल निनोची छाया होती. वॉकरनंतर, १९२८ मध्ये, सिमल्याचं कार्यालय पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. बसच्या पाटीवर हवामानशास्त्राचा इतिहास असा फुकट वाचायला मिळतो.

अंतर्गत लहरीला कुणी धक्का देत नाही, हे मनाला पटायला जड जातं. क्लाउस हासेलमान यांनी १९७६ मध्ये त्याची रीत दाखवली. २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. मी ती आपल्या पाझर तलावावरून समजून घेतली. पाऊस येतो तो वेडावाकडा, आज सर, उद्या कोरडं. तलाव मात्र त्या साऱ्या सरी पोटात घेऊन सावकाश चढतो, सावकाश उतरतो. खालच्या विहिरीला वरच्या सरींचा धांगडधिंगा कळतच नाही. तिला कळतात वर्षं. समुद्र हा तसा तलाव आहे. रोजच्या वाऱ्यांची बेशिस्त पोटात साठवून तो तिची वर्षावर्षांची लाट करतो.

आजीच्या तोंडी बहात्तरचा दुष्काळ म्हणजे मिलो, सुकडी आणि खडी. अमेरिकेची तांबडी ज्वारी, ताटात वाढलेला सरकारी भरडा आणि हातोडीने फोडायचे दगड. याच कामांतून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला आणि जिल्हाभर पाझर तलाव झाले. १९७२ ला एल निनो होता. पण तराजू कळला म्हणजे पाऊस कळला असंही नाही. १९९७ साली शतकातला सर्वांत मोठा एल निनो आला. सगळे श्वास रोखून बसले. देशात पाऊस सरासरीला टेकला. दोन वर्षांनी भारतीय आणि जपानी अभ्यासकांनी दाखवलं की हिंदी महासागराचाही स्वतःचा एक छोटा तराजू आहे, आणि त्या वर्षी तो आपल्या बाजूने झुकला होता. उलट २००२ साली एल निनो बेताचा, अंदाज चांगल्या पावसाचा, आणि जुलैत देशभर पडला तो नेहमीच्या जेमतेम निम्मा. कोणत्या पंचांगात त्या जुलैचं वाहन काय होतं ते मी मुद्दाम पाहिलेलं नाही.

पुन्हा पानाकडे येऊ, कारण त्याचा सर्वांत सुंदर भाग पानावर छापलेलाच नसतो. लोकांनी नक्षत्रांना ठेवलेली नावं. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. आश्लेषांचा आसळका. मघांचा सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा. हस्ताचा हत्ती. इथे सूर्य नाही, चंद्र नाही, भागाकार नाही. पावसाला आपला पिंड आहे, वय आहे, घरातलं नातं आहे. तरणा येतो तो अंगात मस्ती घेऊन. म्हातारा दिवसभर पिरपिर करतो, घोंगडी सुकू देत नाही. सासूनंतर सून, म्हणजे एका पावसानंतरचा दुसरा पाऊस पहिल्याच्या वागण्याला दिलेलं उत्तर असतो. अंतर्गत कारण म्हणजे नेमकं हेच. हवा आज जशी वागते ती कालच्या स्वतःच्या वागण्यामुळे.

आणि खरंच तसं दिसलंही. १९८० मध्ये डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवलं की ढगांचे पट्टे महिना-दीड महिन्याच्या अंतराने विषुववृत्ताकडून उत्तरेला चढतात, मुरतात, आणि मागून नवा पट्टा येतो. दोन पट्ट्यांच्या मधल्या दिवसांत पाऊस हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो. आपण त्याला किती नावं ठेवली आहेत! खंड पडला, उघडीप मिळाली, ओढ दिली, दडी मारली, डोळे वटारले. हे शब्द एकमेकांना पर्याय नाहीत. उघडीप हवीशी असते, तीत खुरपणी होते, वापसा येतो. ओढ म्हणजे पीक माना टाकेल पण अजून वाचेल. दडीत लबाडी आहे. डोळे वटारले की मग कुणी बोलत नाही. एकाच घटनेचे हे चार टप्पे आहेत आणि प्रत्येकाला शेतातलं वेगळं काम आहे, किंवा काम नाही.

नक्षत्राच्या तेरा-चौदा दिवसांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६०च्या दशकात दाखवलं की हवेच्या आजच्या स्थितीतली बारीकशी चूक फुगत फुगत जाते आणि साधारण दोन आठवड्यांपलीकडे रोजच्या हवेचा अंदाज बांधणं मुळातच अशक्य होतं. दोन आठवडे! पंचांगाने अंदाजाचा तुकडा नेमका तेवढा पाडला आहे. हाही योगायोगच. पण सगळा ज्योतिषाचा खटाटोप बाजूला ठेवून उरते ती ही सवय मला शहाणपणाची वाटते: चौदा दिवसांपुरतं बोला, मग पुन्हा मोजा.

घाटाकडच्या माणसाला पहिल्या पाच ओळी पुरतात. आमच्यासारख्यांचं पोट मात्र खालच्या ओळींवर आहे. नगरच्या पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या तालुक्यांत पावसाचा थोर महिना सप्टेंबर. उत्तरा आणि हस्त. वारे फिरलेले, बंगालच्या उपसागराकडून ढग, दुपारी उकाडा, चारनंतर पूर्वेला काळं, आणि मग मेघगर्जनेसह. रब्बीची ज्वारी, शाळू, मालदांडी, जे म्हणाल ते या पावसावर पेरतात आणि पुढे नुसत्या ओलीवर आणि दवावर काढतात. हत्ती पडला नाही तर कडबा नाही, कडबा नाही तर बैल बाजारात. म्हणून आमच्या घरच्या पंचांगात मृगाच्या ओळीवर एक डाग असेल तर हस्ताच्या ओळीवर दहा होते.

अलीकडे याच ओळींची चाल बिघडली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी-शेवगावकडे ओढ्यांनी बांध आणि माती दोन्ही नेलं, तेही ज्या गावांची ओळख टँकरनं होती तिथे. एका वर्षाच्या पुराचं खापर सरळ कशावर फोडता येत नाही. हवेची आपली लहरही त्यात असते. पण लांबचा कल मोजता येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २८० होता तो ४२० च्या वर गेला; हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते; धरलेलं कधीतरी एकदम सोडते. शास्त्रज्ञ या कारणाला 'बाह्य' म्हणतात, सूर्य आणि ज्वालामुखी यांच्या रांगेत बसवून. हा शब्द मला दर वेळी अडखळवतो. आपण इथे, या हवेत श्वास घेणारे, चूल पेटवणारे, आणि खातं मात्र बाहेरचं! शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे; हवा आणि समुद्र एवढंच घर धरलं तर त्यात राहणारे भाडेकरू बाहेरचेच. पण मग बाहेर आणि आत हा भेद जगात कमी आणि कुंपण कुठे घातलं यात जास्त आहे.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने हे कुंपण आपल्या शिवारापुरतं घातलं. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातलं एकच पान वाचायचं आहे. चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचं गाव. पाऊस सरला की पर्जन्यमापकाचे आकडे घेऊन ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पडलेला पाऊस गुणिले शिवार. त्यातून प्यायचं, गुरांचं, मग चारा, मग पीक. उरलं तर रब्बी, आणि कमी पडलं तर पिकं कमी. ऊस नाही, केळी नाही, शेतीला बोअर नाही. पाऊस त्यांनी बाहेरचा मानला, सगळाच्या सगळा, सूर्याचा असो की एल निनोचा. पाणी आतलं मानलं. इथेही भागाकारच आहे, फक्त भाजक नऊ नव्हे. भाजक गावची माणसं आणि दावणीची जनावरं.

आमच्या घरी असा ताळेबंद कधी झाला नाही. तात्या, माझे चुलते, पंचांग पाहत ते पाऊस पडून गेल्यावर. एका हस्तात रात्रभर पडला. सकाळी ओढा रानातून वाहत होता, कडब्याची गंज निम्मी बसली होती, तात्या ओट्यावर चिंब धोतरात बसून खुंटीवरचं पंचांग मागत होते. काकूंनी काढून दिलं. पान आपणहून उघडलं.

"काय वाहन हाय म्हणं?" काकूंनी चुलीपाशी जाता जाता विचारलं.

"मेंढा."

"मग गेलं आसंल वढ्याला वाहून," काकू म्हणाल्या आणि चहाला आधण ठेवायला आत गेल्या.